वीतभर उजेड

१

हेडलाईटची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी गाडी भिंतीकडे तोंड करून लावायला सांगते. बॉनेट नंतर, भिंत आधी. बोईसरातले बाकीचे इलेक्ट्रिशियन गाडी आली की पहिला बल्ब बदलतात, मग दुसरा बदलतात, आणि मग म्हणतात वायरिंगच जुनं झालंय. मी चाळीस वर्षं हे काम करतेय. माझ्या हातून गेलेली हेडलाईट तीच तक्रार घेऊन परत आलेली नाही. ही फुशारकी आहे, आणि खरीही आहे.

माझं दुकान म्हणजे चाळीस फुटांची लांबट शेड. पुढं शटर, मागं भिंत. ती भिंत मी दर दिवाळीला चुन्यानं पांढरी करते आणि तिच्यावर निळीची एक आडवी रेघ मारते. भिंतीपासून पंचवीस फुटांवर जमिनीत लोखंडी पट्टी बसवलीय, गाडीची पुढची चाकं तिथं टेकवायची. जमीन मी पाणीनळी लावून सपाट करून घेतली, गवंड्याशी तीन दिवस भांडून. शटर ओढलं की भर दुपारी आत अंधार होतो. मग खालचा उजेड लावायचा, ज्याला आम्ही डिपर म्हणतो. त्याची वरची कड निळ्या रेघेवर बसली पाहिजे. रेघेच्या वर गेली तर समोरचा आंधळा, खाली गेली तर तुम्ही आंधळे. डिपर बसला की मग लांबचा उजेड, अप्पर.

हे मला कुणी शिकवलं नाही. धर्माजी, माझा नवरा, काम करताना माझ्याकडे पाठ करून बसायचा. बायको विद्या चोरेल ही भीती. तो गेल्यावर मी त्याच्या खोक्यातले जळके रिले, म्हणजे करंट चालूबंद करणाऱ्या डब्या, एकेक करून फोडले, आतून बघितले, आणि चोरली.

शटरच्या आत उजव्या हाताला गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाकडं आहे. त्याचे पाय सुतारानं फार आत घेतलेत. टोकाला एकटं माणूस बसलं की ते टोक खाली जातं आणि दुसरं वर उठतं. एका जाड्या ट्रकवाल्याला ते बाकडं घेऊन पडलंही होतं. म्हणून पावलांची चाहूल लागली की मी मान वर न करता म्हणते, "या, बसा. मधे बसा." दिवसातून तीसेक वेळा तरी. मी म्हटलं हेही मला कळत नाही.

शुक्रवारी दुपारी असंच म्हटलं तर उत्तर आलं, "बसायला वेळ नाय मावशी. लाईट बगा."

दांडीची मेघाली. तिशीतली, काटक. तिच्या गावच्या अकरा बायांची मासळी ती आपल्या टेम्पोतून रोज संध्याकाळी बोईसरच्या बाजारात आणते. नवरा बोटीवर. टेम्पो तिच्या आईच्या पाटल्या मोडून घेतलेला.

"काय होतंय?"

"मी डिपरवर चालवते. आईशप्पत डिपरवर. तरी समोरचे शिव्या घालतात."

"काय शिव्या घालतात?"

"त्या तुमाला कशाला सांगू?"

"सांग. मला नव्या नसतील."

ती हसली, पण अर्धवट. मग सांगितलं. बुधवारी संध्याकाळी खाडीच्या पुलावर समोरून कारखान्याची शिफ्टची बस आली. हिच्या उजेडानं ड्रायव्हरचे डोळे दिपले, बसचं चाक पुलाच्या कडेला घासलं. आत चाळीस माणसं. कुणाला खरचटलंही नाही, पण दांडीत बातमी हिच्या आधी पोचली.

"माजा दीर हाय ना, प्रीतम. त्याचा पण टेम्पो हाय. तो सांगत फिरतो, बाईला अप्पर-डिपर कळत नाय, एक दिवस पन्नास माणसं मारेल. रविवारी बाया बसणार हायत. मासळी माज्या गाडीत द्यायची का त्याच्या, ते ठरवायला." तिनं टेम्पोच्या दारावर हात ठेवला. "मला पण भ्या वाटतं मावशी. खरंच कोण मेलं तर?"

"कधीपासून होतंय हे?"

"आय गेली, तेरा दिवस गाडी उभी होती. गेल्या शनिवारपासून परत सुरू केली. तवापासून."

"पट्टीवर लाव गाडी," मी म्हटलं.

२

पहिला दोष दहा मिनिटांत सापडला. मासळीच्या गाड्यांना तो असतोच. बर्फाचं खारं पाणी गळतं आणि जिथं वायरिंगची अर्थ, म्हणजे करंट परत जायची तार, पत्र्याला जोडलेली असते तिथं गंज धरतो. अर्थ नीट नसली की करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या तारेत शिरतो, आणि डिपर लावला तरी अप्परची तारही मंद पेटते. मी मीटर लावून मेघालीला दाखवलं. कानशीनं पत्रा घासून चकचकीत केला, नवा बोल्ट घातला, वर ग्रीस फासलं. फ्यूज बघितले, रिले बघितला, स्विच बघितला. रिले टक करून बोलत होता. चांगला रिले एकदाच बोलतो.

"झालं?" तिनं विचारलं.

"भिंतीला विचारू."

मी शटर ओढलं. बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम लांब गेला. मेघाली ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिली. सेटिंग करताना चालवणाऱ्याचं वजन सीटवर पाहिजे. मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "लाव डिपर."

दोन्ही दिवे स्वच्छ लागले. डिपर तो डिपर, अप्परची तार काळीकुट्ट. पण उजेडाची कड निळ्या रेघेच्या वर होती. मी हात लावून बघितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुरी वीत.

"माल उतरवलास ना सगळा?"

"रिकामी हाय. तुमीच बगा."

"आणि ती उजेड खालीवर करायची चकती?"

"शून्यावर. मासळी भरली की तीनवर नेते, तुमीच शिकवलंय."

मालाची गाडी मागून दबते. मागून दबली की नाक वर होतं, आणि नाक वर झालं की उजेड वर. लहान पोराला कळेल असं गणित आहे. भिंत सांगत होती की ही गाडी भरलेली आहे. मी मागं जाऊन मागचा फाळका पाडला आणि आत बॅटरी मारली. ओला पत्रा, कोपऱ्यात कोलंबीचं एक टरफल. बाकी काही नाही.

३

मला चूक सापडली नाही की राग येतो, आणि राग आला की मी नीट काम करते.

आधी स्वतःवर संशय घेतला. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, पण नवी भिंगं बसल्यापासून मला सुईत दोरा ओवता येतो. मग जमिनीवर. पाणीनळी लावली, पाणी दोन्हीकडे बरोबर. चारी चाकांची हवा बघितली, सारखी. शेजारी पंढरी पाटे बसवतो, गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांचं काम, त्याला हाक मारली.

"हिचे पाटे तूच बघितलेस?"

"बघितले काय, नवे घातले काकू. तेरा दिवस गाडी माझ्याच दारात होती." तो वाकला, आत हात घातला आणि पाटे चाचपले. "दबलेत," तो म्हणाला. "माल आहे ना वर?"

"वर बघ."

त्यानं वर बघितलं. मग माझ्याकडे. "पाटा असा दबत नाही," तो म्हणाला आणि हात पुसत निघून गेला. पंढरीचा स्वभावच तसा, न कळलेल्या गोष्टीपाशी तो थांबत नाही. मी पंढरीचाच टेम्पो आणून पट्टीवर लावून बघितला. रिकामा, उजेड बरोब्बर रेघेवर.

मग मी मेघालीचा टेम्पो परत लावला आणि तिला म्हटलं, "भिंतीकडे बघ." मागं जाऊन फाळक्यावर पाय ठेवून वर चढले. पाटा वाजला, कुर्र. माझं वजन पंचावन्न किलो.

"दोन बोटं वर गेला," ती म्हणाली.

मी उतरले.

"दोन बोटं खाली."

म्हणजे एका बाईला दोन बोटं. वीत म्हणजे बारा बोटं. हिशेब माझ्या डोक्यात झाला तसा मी तो तिथंच टाकून दिला. बारा भागिले दोन करायला शाळा लागत नाही, पण त्याचं उत्तर रिकाम्या पत्र्यावर मांडायला अक्कल गहाण ठेवावी लागते. हेडलाईटच्या मागं एक स्क्रू असतो. तो फिरवला की उजेड वरखाली होतो. कारण सापडलं नाही तर निदान उजेड जागेवर आणायचा, म्हणून मी तो फिरवला आणि कड रेघेवर आणून ठेवली.

"आता कुणी शिवी घातली तर माझं नाव सांग," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी मेघाली परत आली. गाडी पट्टीवर तिनंच लावली, शटर तिनंच ओढलं, आणि डिपर लावला.

उजेड रेघेच्या वर होता. दोन बोटं.

मी स्क्रूला काल रंगाचा ठिपका दिला होता, तो तसाच होता. स्क्रू हलला नव्हता. चाळीस वर्षांत पहिली हेडलाईट परत आली होती, आणि रविवार उद्यावर होता.

"संध्याकाळी मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

४

दांडीला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. बाया क्रेट चढवत होत्या. बोंबील, मांदेली, वर बर्फ, बर्फावर गोणपाट. माझं कुणाला नवल नव्हतं, पण प्रीतम आपल्या टेम्पोला रेलून उभा होता, त्याला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"काय काकू, आता लाईटबरोबर लाईटवाली पण लागते का हिला?"

"तुझा डावा इंडिकेटर गणपतीपासून बंद आहे," मी म्हटलं. "आधी तो लाव. मग बायांना वळायला शिकव."

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्याला सरळ तरी कुठं जाता येतं." प्रीतम पण हसला. तो वाईट माणूस नाही, त्याला नुसता जास्तीचा धंदा हवा होता.

निघालो. मला ही वेळ आवडते. आकाशात थोडा उजेड उरलेला, रस्त्यावर नसलेला. एका बाजूला मिठागरं, त्यात पाणी. मेघाली गाडी चांगली चालवते. गिअर टाकताना आवाज नाही, खड्डा आला की माल सांभाळून. उजेडही ठीक वाटत होता. मी खिडकीत कोपर ठेवून बसले आणि मला वाटून गेलं की मी उगाच आले.

मिठागर संपताना रस्ता वळतो. वळणावर दोन ताड आहेत आणि समोर मिठाच्या गोदामाची लांब पांढरी भिंत. तिथं मेघालीनं गाडी हळू केली, डावीकडे घेतली आणि उभी केली. आमचा उजेड समोर भिंतीवर पडला, स्वच्छ, सरळ कडेचा. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चला, बसा," ती म्हणाली.

बाहेर कुणी नव्हतं. ताडाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

मी तिला विचारणार होते कोण बसणार आहे म्हणून. तेवढ्यात मागून पाटा वाजला. कुर्र. समोरच्या भिंतीवर उजेडाची कड वर सरकली. बोटं मोजायला मी भिंतीपाशी नव्हते, पण मला मोजायची गरज नव्हती. हा माझा धंदा आहे.

मेघालीनं गिअर टाकला.

"कुणाला म्हणालीस?" मी विचारलं.

"काय?"

"बसा. कुणाला म्हणालीस?"

"ते होय." ती जराशी लाजली. "सवय हाय. आयची. पयले बाया डोक्यावर पाटी घेऊन चालत जायच्या ना बाजाराला, तवा इथं ताडाखाली दम खायला थांबायच्या. आयनं टेम्पो घेतला तवा तिनं ठरवलं, पाटीवाली बाई रस्त्यात दिसली तर तिला सोडून जायचं नाय. आता कोण चालत नाय. पण आय इथं थांबायची ती थांबायचीच. तुमी बसलाय ना, तिथं बसायची आन म्हणायची. आता ती नाय तर मी म्हणते. नाय म्हटलं तर पुढं जायला कसंतरी होतं."

मी मागं वळून बघितलं नाही. केबिनच्या मागं छोटी काच असते, तिच्यातून माल दिसतो. मी बघितलं नाही एवढंच लिहिते. त्याला भीती म्हणायचं तर म्हणा.

पुलावर समोरून एक मोटारसायकल आली आणि तिच्यावरच्या माणसानं डोळ्यांवर हात घेतला.

५

बाजारात क्रेट उतरवले. मी पुढं उभी राहून समोरच्या बंद गाळ्याच्या शटरवर उजेड बघत होते. एकेक क्रेट उतरला की उजेड एकेक पायरी खाली येत होता. शेवटचा क्रेट उतरला आणि उजेड थांबला. जिथं थांबायला हवा होता तिथं नाही. बराच वर.

मेघाली हात धुऊन आली. मी चहा मागवला. दोघी टेम्पोच्या पायरीपाशी उभ्या राहिलो.

"शनिवारपासून रोज एक खेप," मी म्हटलं. "काल मी लाईट बघण्याआधी किती झाल्या होत्या?"

तिनं बोटांवर मोजलं. "सहा."

"कालची एक, आजची एक."

"आठ. का?"

मी चहा संपवला. मी देवधर्म बेताचा करते आणि भुताखेताचं मला कुणी सांगायला लागलं तर मी त्याला त्याच्या गाडीच्या अर्थिंगबद्दल विचारते. पण माझी एक पद्धत आहे, आणि ती मी आवडीनिवडीप्रमाणे बदलत नाही. फ्यूज बघितला, रिले बघितला, अर्थ बघितली, हवा, पाटा, जमीन, भिंत, स्वतःचे डोळे बघितले. सगळं बाद झाल्यावर जे उरतं त्याला हात लावायचा. ते पटो न पटो.

"तुझी आई तिथं बसा म्हणायची," मी म्हटलं. "मग इथं आल्यावर काय म्हणायची?"

"इथं?" मेघाली आठवायला लागली. "गाडी थांबली की हात मारायची पत्र्यावर. आन म्हणायची, उतरा गं बायांनो, सांबाळून, बाजार आला."

"रोज?"

"रोज. पोरं हसायची तिला."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू म्हणतेस का?"

"मी कुणाला म्हणू मावशी? मागं कोणच नसतं."

"मग बसा कुणाला म्हणतेस?"

तिनं कप पायरीवर ठेवला. बाजारात एवढा गलबला, कुणी हिंदीत भाव करतंय, कुणी बर्फ फोडतंय, आणि आम्ही दोघी त्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याकडे बघत उभ्या.

"इथं नको," ती हळू म्हणाली. "लोक बगतील."

"भिंतीपाशी चल," मी म्हटलं. "मला मोजायचंय."

६

साडेसात झाले असतील. शटर मी पूर्ण ओढलं नाही, गुडघ्याइतकं वर ठेवलं. का ठेवलं ते मला विचारू नका. कुणाला बाहेर जायचं असेल तर, असं मनात आलं खरं. खालून रस्त्याच्या दिव्याच्या उजेडाची एक पट्टी आत आली होती.

मेघाली सीटवर. चकती शून्यावर. मी भिंतीपाशी, हातात खडू. डिपर लावला. कड रेघेच्या वर, चार बोटं. काल मी सहा बायांच्या वजनावर सेटिंग केलं होतं, वर आणखी दोन चढल्या होत्या. हिशेब जुळत होता, आणि हिशेब जुळल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला नाही.

"म्हण," मी म्हटलं.

"मला लाज वाटते."

"माझ्यासमोर कसली लाज. उद्या प्रीतमच्या टेम्पोत मासळी चढताना बघायची असेल तर नको म्हणूस."

 मग तिनं बाहेर हात काढून पत्र्यावर दोनदा मारला, आणि जो आवाज आला तो तिचा नव्हता असं मला वाटलं. तिचाच होता. पण बाजारात हाक मारायचा आवाज होता, पोटातून काढलेला.

"उतरा गं बायांनो. सांबाळून. बाजार आला."

शेडमध्ये आवाज फिरला आणि विरला. मी कडेवर डोळे लावून उभी. काही नाही. मी मनात म्हटलं, सत्तर वर्षांची झालीस आणि ही तुझी शोभा.

कुर्र.

उजेड दोन बोटं खाली आला. मी खडूनं खूण केली.

लोखंड थंड होताना आकसतं. गाडी बारा किलोमीटर चालून आलीय, पाटे गरम असतील. मी हे सगळं स्वतःला सांगितलं. लोखंड आकसतं ते हळूहळू. दोन बोटं एकदम, मग थांबून पुन्हा दोन बोटं, असं नाही.

कुर्र. दुसरी खूण. आता कड रेघेवर होती.

कुर्र. तिसरी. मग रेघेच्या खाली, चौथी. घाई नव्हती. आधीची बाजूला होईपर्यंत पुढची थांबत असावी. वयाच्या बाया उतरतात तशा, एक हात फाळक्यावर ठेवून. पाचवी. माझा खडू तुटला. मी उरलेल्या तुकड्यानं सहावी खूण करत होते तेव्हा पाठीमागं, शटरच्या बाजूला, कुणी आल्याची चाहूल लागली. मान न वळवता मी म्हटलं, "या, बसा. मधे बसा."

सातवी. आठवी.

मग पाटा वाजला नाही. उजेड रेघेच्या वीतभर खाली येऊन स्थिर झाला. माझ्या आठ खुणा भिंतीवर, प्रत्येकीत दोन बोटं.

मी वळले. हेडलाईट डोळ्यांवर आली म्हणून हात आडवा धरला. टेम्पोच्या बाजूनं, खाली, शटरची ती उजेडाची पट्टी दिसत होती. ती एका जागी तुटली, जुळली. पुन्हा तुटली, जुळली. गुडघ्याच्या खालचं काहीतरी, जमिनीला धरून, रांगेनं बाहेर जात होतं. लुगड्याचा काठ म्हणावा तर काठ. मग पट्टी सरळ झाली आणि सरळ राहिली.

बाहेर एक रिक्षावाला सवाऱ्यांसाठी "पाम, नवापूर" ओरडत होता.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोण नाय आलं, मावशी," मेघाली सीटवरून म्हणाली. ती रडत होती, पण चेहरा मोकळा होता. "मी आरशात बगत होते."

"काय दिसलं?"

तिनं डोकं हलवलं. नाही म्हणायला की सांगणार नाही म्हणायला, ते मी विचारलं नाही. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उजेड रेघेवर आणला.

७

रविवारी बाया बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. ती माझी अट होती, मेघालीच्या तोंडून सांगितलेली: ठरवायचं तर पुलावर उभं राहून ठरवा. दिवेलागणीला अकराच्या अकरा खाडीच्या पुलावर गेल्या, आणि समोरून मेघाली माल भरून आली. ताडापाशी थांबून, बसा म्हणून मग आली. एकीनंही डोळ्यांवर हात घेतला नाही. ती दांडीची म्हातारी म्हणाली म्हणे, "हिच्यापेक्षा प्रीतमचे दात जास्त चमकतात." मासळी मेघालीच्याच गाडीत राहिली. प्रीतम सोमवारी माझ्याकडे डावा इंडिकेटर घेऊन आला. मी नीट करून दिला आणि दोन शब्दही ऐकवले.

आता मेघाली रोज बाजारात पत्र्यावर हात मारते आणि उतरा म्हणते. पोरं हसतात. दर पंधरा दिवसांनी ती गाडी भिंतीपाशी आणते, उजेड रेघेवर असतो. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या भिंतीवरच्या आठ खुणा मी पुसलेल्या नाहीत. दिवाळीला चुना लावेन तेव्हा तेवढी जागा सोडेन.

एक गोष्ट मी मेघालीला सांगितली नाही.

सोमवारी संध्याकाळी काम संपल्यावर मी चहा घेऊन बाकड्यावर टेकले. दमले होते, मधे जायचा कंटाळा केला आणि टोकालाच बसले. अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं की बाकडं उठलं नाही. दुसरं टोक जमिनीला धरून सपाट. मी चारी पाय बघितले. खाली कुणी वीट लावलीय का बघितलं. बाकडं तेच, पाय तेच. आठ उतरल्या, पण शटरखालची उजेडाची पट्टी ओलांडून बाहेर किती गेल्या ते मी मोजलं नव्हतं. आणि त्या उतरत असताना मान न वळवता मी काय म्हणून गेले होते ते मला आठवलं.

म्हणजे मेघालीची चूक माझ्याकडे चालून आली. बसा म्हणायची सवय आम्हा दोघींना, पुढचं म्हणायची नाही.

उठा म्हणणं माझ्या जिभेवर आहे. माझी जीभ काही जड नाही, सगळं बोईसर सांगेल. पण कोण आहे ते मला ठाऊक नाही, आणि जी डोक्यावर पाटी घेऊन एवढी वाट चालली असेल तिला सावलीत बसू द्यायला माझं काय जातं? दुकान मोठं आहे. दुपारी शटर ओढून काम करते तेव्हा आता अंधार जरा वेगळा लागतो, खोलीत दुसरं कुणी काम करत असलं की लागतो तसा. मी रिले फोडते तेव्हा मुद्दाम बाकड्याकडे तोंड करून बसते. बघायचं तर बघावं. मी पाठ करणाऱ्यातली नाही.

काल चहा संपवून मी उठले. माझ्या बाजूचं टोक हळूच वर आलं आणि तसंच राहिलं.

"बसा," मी म्हटलं. "मी शटर ओढून येते."